पणजीच्या चर्चची जुनी पोस्टकार्डं : काळ कसा ठरवायचा?

मांडवीकाठ

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची, म्हणजे बागेसमोरच्या त्या नागमोडी पायऱ्यांच्या चर्चची, सहा चित्रकार्डं एकत्र मिळाली आहेत. सन एकावरही छापलेलं नाही, शिक्केही नाहीत. वर्णन देतो. जाणकारांनी काळ सांगावा.

क्र. १ : काळंपांढरं. चर्च समोरून, पायऱ्या रिकाम्या. पाठीवर मधली उभी रेघ नाही, पूर्ण पाठ पत्त्यासाठी. खाली पोर्तुगीज ओळ, त्यात चर्चसाठीचा शब्द रोमन ‘ई’ने सुरू होतो, ‘आय’ने नाही.
क्र. २ : तेच चित्र, पण रंगवलेलं. भिंत गुलाबीसर, छप्पर हिरवट. पाठीवर मधली रेघ आहे.
क्र. ३ : बागेतून घेतलेलं. पुढे उंच खांब, मागे चर्च, बाजूच्या इमारतीवर निशाण.
क्र. ४ : छापील नाही, फोटोच्याच कागदावर. काळ्या भागात कडेकडेने चंदेरी झाक. पाठीवर तिकिटाच्या चौकोनाभोवती चार त्रिकोण.
क्र. ५ : फोटोच, पण कडा दातेरी आणि आकार जरा मोठा.
क्र. ६ : रंगीत, चकचकीत. प्रकाशकाच्या पत्त्यात पिनकोड.

डिसेंबरातल्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) वेळी मोठ्या प्रती लावायच्या आहेत, त्यामुळे स्कॅन आणि जपणूक यांबद्दलही लिहा. पहिल्या चार कार्डांपैकी दोन अजून जुन्या अल्बमच्या काळ्या पानाला चिकटलेली आहेत; त्यांची पाठ कडेने उचलूनच पाहता आली.

जुनेकागद

आधी एक गोष्ट पक्की करा. कार्डाला तीन तारखा असतात : फोटो काढला ती, कार्ड छापलं ती आणि पोस्टात पडलं ती. तिन्हींत सहज दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडू शकतं, कारण काचेची निगेटिव्ह एकदा हातात आली की प्रकाशक ती खपते तोवर छापत राहायचे. क्र. १ आणि २ हे त्याचंच उदाहरण आहे. चित्र एक, छपाया दोन. म्हणून प्रदर्शनात ‘१९०५चं चर्च’ असं लिहू नका. ‘१९०७च्या सुमारास किंवा आधी छापलेलं’ असं लिहा.

आता पाठ. सुरुवातीच्या कार्डांत पूर्ण पाठ पत्त्यासाठी राखलेली असे आणि मजकूर चित्राच्या बाजूला, उरलेल्या पांढऱ्या पट्टीत लिहावा लागे. मधली रेघ आधी ब्रिटनने आणली (१९०२), मग फ्रान्सने (१९०४), जर्मनीने (१९०५). १९०६च्या रोम येथील टपाल परिषदेने ती सगळीकडे मान्य केली आणि १ ऑक्टोबर १९०७पासून ती लागू झाली. म्हणजे बिनरेघेचं क्र. १ बहुधा १९०७च्या आधी छापलेलं आणि क्र. २ त्यानंतरचं किंवा फार तर थोडं आधीचं. ‘बहुधा’ अशासाठी की जुना साठा संपेपर्यंत विकला जाई.

‘ई’ची गोष्ट याला जुळते. पोर्तुगालने १९११ साली शुद्धलेखन बदललं. त्याआधी चर्चचा शब्द सर्रास ‘ई’ने लिहीत, नंतर ‘आय’ने. फोटोग्राफी, टायपोग्राफी या शब्दांतला ‘पीएच’ जाऊन ‘एफ’ आला तोही तेव्हाच. प्रकाशकाच्या नावाच्या ओळीत हे शब्द बरेचदा सापडतात, तिथेही नजर टाका. अर्थात छापखान्यातली सवय एका रात्रीत सुटत नाही, त्यामुळे १९१५च्या कार्डावर जुनी लेखनपद्धत दिसली तर आश्चर्य वाटू देऊ नका. उलट मात्र चालत नाही : नवी लेखनपद्धत सगळीकडे एकसारखी असेल तर कार्ड १९११च्या आधीचं असण्याची शक्यता फारच कमी.

तांबडी_माती

या चर्चचा काळ चर्चकडे बघून ठरत नाही, ही मोठी अडचण आहे. १५४१ साली इथे लहान चॅपेल होतं, १६०० साली धर्मग्राम (पॅरिश) झाला, १६१९ साली चर्च नव्याने बांधलं. मधल्या उंच भागातली ती मोठी घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली. मठ १८३५मध्ये ओस पडला, घंटा आधी आग्वाद किल्ल्यावर गेली आणि १८७१मध्ये इथे आली. चित्रकार्डांची लाट आली १८९०च्या दशकाच्या शेवटी. म्हणजे कार्डांच्या जन्माआधीच चर्चचा समोरचा चेहरा आज दिसतो तसा तयार होता. बाजूचे दोन बुटके मनोरे, मधली घंटा, पायऱ्यांचे कठडे, सगळं १९०० आणि १९६०च्या कार्डांत सारखंच.

त्यामुळे चर्च सोडा, आजूबाजूला बघा.

क्र. ३ मधला खांब गार्सिया द ओर्ता बागेतला. वास्को द गामाच्या भारतात येण्याला चारशे वर्षं झाली म्हणून तो १८९८मध्ये उभारला. टोकावर गामाचा अर्धपुतळा होता, गोवामुक्तीनंतर (डिसेंबर १९६१) तो काढून तिथे अशोकस्तंभाचे सिंह बसवले. म्हणजे बागेत खांबच नसेल तर फोटो १८९८च्या आधीचा, अर्धपुतळा असेल तर १८९८ ते मुक्ती, सिंह असतील तर त्यानंतरचा. पुतळा लहान असतो, नुसत्या डोळ्यांना सिंह आणि माणूस यांतला फरक कळेलच असं नाही. स्कॅन करून तेवढाच भाग मोठा करा : अर्धपुतळ्याला एकच डोकं आणि खाली खांद्यांचा उतार दिसतो, सिंहांची बाह्यरेषा दोन्ही बाजूंना सारखी आणि ठोकळ्यासारखी येते.

कॅमेराबिमेरा

निशाणावर मी लिहितो, कारण तिथे हमखास घोळ होतो.

१९१०च्या ऑक्टोबरात पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली. राजेशाहीचं निशाण निळं-पांढरं, प्रजासत्ताकाचं हिरवं-लाल. काळ्यापांढऱ्या कार्डात हा फरक कळतो, पण आपण समजतो तसा नाही. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग भराभर लागे आणि लाल जवळजवळ लागतच नसे. म्हणून निळं कापड छापात फिकट, पांढऱ्याच्या जवळ जातं आणि लाल कापड काळं पडतं. राजेशाहीचं निशाण बहुतेक सगळंच फिकट दिसणार, प्रजासत्ताकाचं सगळंच गडद. ‘अर्धं गडद अर्धं पांढरं असेल तर राजेशाही’ हा नियम काही ठिकाणी वाचायला मिळतो, तो या प्लेटांना लागू होत नाही.

याच कारणाने आणखी तीन गोष्टी. एक, आकाश नेहमी कोरं पांढरं येतं. ढग दिसले तर ते दुसऱ्या निगेटिव्हवरून जोडलेले किंवा रंगवलेले, हवामानाचा अंदाज बांधू नका. दोन, चर्चच्या चुन्याच्या भिंतीवर निळसर किनार असली तरी ती छापात विरून जाते. जुन्या कार्डात किनार दिसत नाही म्हणजे तेव्हा नव्हती, असं म्हणता येत नाही. तीन, जांभ्याचे चिरे आणि तांबडी माती प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ काळी येते. पायऱ्यांच्या खालची भिंत काळीकुट्ट दिसली म्हणजे ती शेवाळलेली होती असं नाही, चुना न लावलेले उघडे चिरेही तसेच दिसतात. शेवाळ ओळखायचं ते ओघळांवरून : कठड्याच्या आणि कंगोऱ्यांच्या खालून उभ्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या रेघा. चुनकाम पावसानंतर होतं, तेव्हा ओघळ ठळक असतील तर फोटो पावसाळा संपता संपता आणि नवा चुना लागण्याआधी घेतलेला असणार.

अनंतमूळ

रस्त्यावर एकही मोटार नाही, नुसत्या बैलगाड्या असतील तर १९१०च्या आधीचं म्हणायला हरकत नसावी?

तांबडी_माती

@अनंतमूळ, हरकत आहे. नसण्यावरून काही सिद्ध होत नाही. फोटोग्राफर सकाळी लवकर येतो, चौक रिकामा असतो. शिवाय प्लेटवर जास्त वेळ प्रकाश दिला की चालती माणसं आणि गाड्या पुसट होतात किंवा नाहीशाच होतात. क्र. १ च्या रिकाम्या पायऱ्यांवर भिंगातून धुरकट पट्टे दिसतात का पाहा. दिसले तर तिथून कोणीतरी चालत गेलं आहे. जी गोष्ट आहे तिच्यावरून ‘याच्या नंतरचं’ ठरवा. जी नाही तिच्यावरून फक्त शंका घ्या.

मुक्तीनंतरच्या कार्डांना खुणा भरपूर आहेत. क्र. ६ वर पिनकोड आहे म्हणजे १५ ऑगस्ट १९७२नंतरचं, त्यात वाद नाही. पत्त्यात गोव्याबरोबर दमण आणि दीवचं नाव असेल तर ३० मे १९८७च्या आत, कारण त्या दिवशी गोवा वेगळं राज्य झालं.

चित्रात आदिलशाही राजवाड्याची बाजू येत असेल तर आबे फारियाचा पुतळा शोधा. तो १९४५चा. चर्चच्या कार्डात तो येणार नाही, पण जुन्या अल्बमांत कार्डं संचाने येतात. शेजारचं कार्ड पक्कं झालं की त्याच प्रकाशकाच्या, त्याच अक्षरवळणाच्या बाकीच्या कार्डांना आधार मिळतो. कार्डाच्या कोपऱ्यात अनुक्रमांक असेल तर तो आधी टिपून ठेवा.

पोस्टाचापेटारा

तिकीट असलेलं कार्ड पुढे कधी मिळालं तर हे लक्षात राहू द्या. पोर्तुगीज भारताचं चलन रुपिया, टांग आणि रेइस. १६ टांगांचा रुपिया, १२ रेइसांचा टांग. १९११पासून राजा कार्लुशच्या जुन्या तिकिटांवर ‘रेपुब्लिका’ असा शिक्का मारून ती वापरली. १९१४पासून सेरेस देवीची तिकिटं आली. १९५९मध्ये रुपिया जाऊन एस्कुदु आणि सेंताव्हु आले, म्हणजे सेंताव्हुत किंमत असलेलं तिकीट जेमतेम तीन वर्षांच्या खिडकीतलं.

शिक्क्यात ‘नोवा गोवा’ दिसेल. ते पणजीचंच सरकारी नाव, १८४३मध्ये राजधानीचा दर्जा मिळाला तेव्हापासूनचं. नवशिके ते जुनं गोवं समजतात आणि कार्ड चुकीच्या गठ्ठ्यात टाकतात. विक्रेतेही तेच करतात. शोधताना पणजीचं स्पेलिंग ‘जी’ने, ‘जे’ने आणि आजचं अशा तिन्ही तऱ्हांनी घाला, शिवाय नोवा गोवा आणि पोर्तुगीज भारत. निव्वळ ‘पोर्तुगाल’ किंवा ‘आफ्रिका’ या खणात पडलेली गोव्याची कार्डं बऱ्याचदा स्वस्तात निघतात.

तिकीट चित्राच्या बाजूला चिकटवलेलं दिसलं तर नवल वाटू देऊ नका. संग्राहकांत तशी फॅशनच होती, देवाणघेवाणीसाठी कार्ड पाठवताना मुद्दाम तसं करत. पण तिकीट आणि शिक्का यांचा मेळ तपासा : शिक्क्याची वर्तुळाकार रेघ तिकिटावरून कार्डावर सलग उतरली पाहिजे. तिकिटाच्या कडेशी ती तुटली असेल, तर तिकीट मागाहून चिकटवलेलं आहे.

जुनेकागद

क्र. ४ बद्दल. तिकिटाच्या चौकोनात ‘अझो’ असं नाव आणि चारही त्रिकोणांची टोकं वर असतील तर तो कोडॅकचा कागद साधारण १९०४ ते १९१८चा. दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०. त्रिकोणांऐवजी चौकोन असतील तर त्याही नंतरचा. हा कागदाचा काळ आहे, फोटोचा नाही. पण असा फोटो बहुधा थोड्याच प्रतींत निघायचा, त्यामुळे छापील कार्डापेक्षा दोन्ही तारखा जवळ असतात. चंदेरी झाक म्हणजे कागदातली चांदी वर आलेली, जुनेपणाची चांगली खूण आहे. पुसू नका, कापसाने तर नाहीच. ती थरातच आहे, पुसायला गेलात तर चित्रही जाईल.

क्र. ५ च्या दातेरी कडा १९३० ते १९५०च्या दशकांतली पद्धत. आकार मोजा. जुनं कार्ड ९ × १४ सेंमीचं, नंतरचं सुमारे १०.५ × १५.

सौदामिनी_क

रंगीत कार्ड खरं जुनं की नंतरची नक्कल, हे कसं ओळखायचं? आजकाल जुन्या कार्डांच्या हुबेहूब प्रती पिवळट कागदावर छापून विकतात.

जुनेकागद

दोन साधनं घ्या : १० पटीचं भिंग (३० पटीचं मिळालं तर उत्तम) आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुतेक ३९५ची असते. तिचा जांभळा उजेड कागदावर सांडतो आणि सगळंच चमकल्यासारखं वाटतं.

भिंगाखाली काय दिसतं ते महत्त्वाचं. कोलोटाइप या पद्धतीत ठिपके नसतात, सुरकुतलेल्या सायीसारखे बारीक वळवळते कण दिसतात. हाफटोनमध्ये नियमित ओळींत ठिपके, काळ्या भागात मोठे आणि पांढऱ्यात लहान. क्र. ४ आणि ५ सारख्या खऱ्या फोटोत काहीच दिसत नाही, छटा सलग वाहते. क्र. २ सारख्या रंगवलेल्या कार्डात खाली काळं कोलोटाइप आणि वर रंगाचे सपाट थर असतात. रंग साच्यातून भरत, त्यामुळे पायऱ्यांच्या कठड्यासारख्या बारीक जागी तो रेघेबाहेर जातो. नक्कल असेल तर याच वळवळत्या कणांवर वरून निळे-लाल-पिवळे-काळे ठिपके पसरलेले दिसतील. दोन पद्धती एकावर एक सापडल्या की निकाल लागला.

मग दिवे घालवून टॉर्च मारा. साधारण १९५०नंतरच्या कागदात शुभ्रता आणणारं रसायन घालू लागले, ते अतिनील प्रकाशात निळंपांढरं झळकतं. १९१०चं म्हणून दिलेलं कार्ड असं झळकलं तर परत करा. पाठीमागे दोन-तीन ठिकाणी तपासा, कारण मागाहून लागलेला गोंद किंवा साबणाचा हात तेवढ्याच जागी चमकतो. न झळकणं हा मात्र जुनेपणाचा पुरावा नाही. आजही शुभ्रकाशिवायचा कागद मिळतो आणि नक्कल करणाऱ्यालाही तो मिळतो.

आणि क्र. २ च्या गुलाबी भिंतीवरून ‘चर्चला पूर्वी गुलाबी रंग होता’ असा शोध कृपया कोणी लावू नका. पहिल्या महायुद्धापर्यंत जगभरच्या कार्डांची रंगीत छपाई मोठ्या प्रमाणावर जर्मनीत व्हायची. रंग भरणाऱ्याने पणजी पाहिलेली नसायची, त्याला काळंपांढरं चित्र आणि फार तर एखादी सूचना मिळे. हिरवं छप्पर तिथूनच आलं. एकाच निगेटिव्हच्या दोन आवृत्त्यांत भिंत एकदा गुलाबी, एकदा पिवळी अशी सापडते.

कॅमेराबिमेरा

आणखी एक सापळा, खास याच चर्चचा : उलटं छापलेलं चित्र. निगेटिव्हची काच उलटी बसली की डावं-उजवं बदलतं. एरवी ते लगेच कळतं, पण इथे दोन्ही मनोरे सारखे, पायऱ्या दोन्ही अंगांना सारख्या. चित्राखालची ओळ वेगळी जुळवून छापलेली असते, त्यामुळे ती सुलटच येते आणि कोणाला शंकाही येत नाही. दुकानांच्या पाट्या, मागच्या टेकडीचा उतार आणि बाजूच्या घरांच्या छपरांची उतरण आजच्या फोटोशी ताडून बघा. सदऱ्याच्या गुंड्यांची बाजू हीही चांगली खूण, पण तेवढं बारीक फक्त क्र. ४ मध्ये दिसेल.

अनंतमूळ

जुन्या जागी उभं राहून तोच फोटो आज काढायचा असेल तर जागा कशी शोधायची? अंदाजाने उभं राहिलं की जुळत नाही.

कॅमेराबिमेरा

अंदाजाने जुळणार नाहीच. जागा ठरते ती दृष्टिरेषांवर, लेन्सवर नाही.

कार्डाच्या प्रतीवर दोन जोड्या निवडा, प्रत्येक जोडीत एक वस्तू पुढची आणि एक मागची. उदाहरणार्थ खालच्या कठड्याचा कोपऱ्यातला खांब आणि त्याच्या मागे येणारी मनोऱ्याची कड. पहिली जोडी जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग त्या रेषेवर पुढे-मागे चालत दुसरी जोडी जुळवा. दोन रेषा छेदतात तिथे कॅमेरा होता. पडताळा गुणोत्तराने घ्या : कार्डावर पुढच्या खांबाची उंची आणि मनोऱ्याची उंची मोजा, भागा. मोबाइलच्या पडद्यावर तेच गुणोत्तर यायला हवं. झूम केलं, कातरलं तरी ते बदलत नाही, बदलतं फक्त अंतराने. पुढचा खांब प्रमाणाबाहेर मोठा येत असेल तर तुम्ही फार जवळ आहात.

उंचीही तशीच शोधायची. कार्डात पायऱ्यांच्या टप्प्यांचा सपाट पृष्ठभाग दिसत असेल तर कॅमेरा त्या टप्प्यापेक्षा वर होता, म्हणजे समोरच्या घराचा मजला किंवा सज्जा. नुसती कड दिसत असेल तर त्याच पातळीवर किंवा खाली.

आता काय बिघडतं ते सांगतो. मोबाइल वर वाकवला की मनोरे आत झुकतात. जुन्या कॅमेऱ्यात मागची प्लेट सरळ ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येई, म्हणून कार्डात रेषा उभ्या राहतात. उपाय सोपा आहे : मोबाइल अगदी सरळ धरा, चर्च चौकटीच्या वरच्या अर्ध्या भागात येऊ द्या, खालचा रस्ता नंतर कातरून टाका. त्यासाठी मागे सरकू नका, जागा बिघडते. मावत नसेल तर रुंद कोनाची लेन्स लावा. बागेतली झाडं वाढली आहेत, काही दृष्टिरेषा आता अडलेल्याच सापडतील. तिथे ड्रोनचा विचार करू नका, परवानगीचा खेळ वेगळा आहे. मिस्साच्या वेळा टाळा एवढं पुरे.

सावलीही जुळवायची हौस असेल तर : पणजी साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य इथे उत्तरेला असतो. उत्तरेच्या भिंतीवर भरदुपारचं ऊन आणि आखूड सावल्या दिसल्या तर फोटो बहुधा मेमधला, पुढे पाऊसच.

रेखाटण

चिकटलेल्या दोन कार्डांबद्दल कोणी लिहिलं नाही. आणि कडेने उचलून पाठ बघणंही आता थांबवा, तिथेच घडी पडते. कार्ड पानावरून सोडवू नका, पान कार्डावरून सोडवा. फरक मोठा आहे. कार्ड उचटायला गेलात की ते वाकतं आणि त्याच्या पाठीची साल पानाला राहते, नेमका मधल्या रेघेचा पुरावा तिथेच जातो.

आधी अल्बमचं पान कार्डाच्या कडेने कापून सुटं करा. कार्ड पालथं, चित्र खाली, स्वच्छ टीपकागदावर. मग काळ्या पानाचे थर कोरडेच, पातळ बोथट पात्याने एकेक सोलत जा. काळा कागद बहुतेक थरांत सुटतो. शेवटचा पापुद्रा उरला की कोपऱ्यात ओल्या कापसाचा ठिपका लावून बघा. काळा रंग सुटला तर पाणी अजिबात नको, कोरडंच खरवडा किंवा तो थर राहू द्या. रंग सुटला नाही तर ओलसर (टपकणारा नव्हे) टीपकागद फक्त त्या पापुद्र्यावर काही मिनिटं ठेवा, खळ मऊ होते, मग पातं. क्र. ४ आणि ५ ला ही ओल देऊच नका : फोटोचा थर जिलेटिनचा, ओल लागली की फुगतो आणि टीपकागदालाच चिकटतो. वाफेची किटली हा सल्ला सगळीकडे मिळतो, तो विसरा. वाफ कार्डाच्या थरांत शिरते आणि कडा फुलतात.

जपणूक. दमट हवेत मुख्य शत्रू बुरशी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ती धरते, ४० ते ५०च्या आसपास ठेवता आली तर बरं. झाकणबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, स्वस्तात होतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची. वास येणारी मऊ पीव्हीसी पाकिटं नकोत, त्यांतला तेलकट पदार्थ छपाईवर उतरतो आणि कार्ड पाकिटाला चिकटतं. लॅमिनेशन, सेलोटेप, रबरबँड, स्टेपल यांपैकी काही नाही. नोंद करायची तर पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला. बुरशी आधीच असेल तर ती ओली असताना ब्रश मारू नका, ती पसरते. जेलबरोबर डब्यात बंद करून भुकटी होईपर्यंत वाळवा, मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. कसर लागली असेल (कडा कुरतडलेल्या, वरचा चकचकीत थर खरवडल्यासारखा) तर आधी अल्बमचा पुठ्ठा काढून टाका, खळ तिथेच असते.

सौदामिनी_क

@रेखाटण, छान. स्कॅनचं पण सांगा कोणी, मोठ्या प्रती काढायच्या आहेत त्यांना.

कॅमेराबिमेरा

सपाट काचेचाच स्कॅनर. कागद ओढून घेणाऱ्यात कार्ड घालू नका. नोंदीसाठी ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरे : ९ × १४ सेंमीचं कार्ड साधारण २१२६ × ३३०७ पिक्सेलचं होतं, टिफ फाइल २१ एमबीच्या आसपास. मोठी प्रत काढायची तर १२०० डीपीआय, ती ३०० डीपीआयने छापली की चौपट, म्हणजे ३६ × ५६ सेंमी. यापुढे ओढण्यात अर्थ नाही, फक्त क्र. ४ पुढे ओढता येईल.

स्कॅनरमधले धार वाढवणे, धूळ काढणे, ठिपके घालवणे हे तिन्ही पर्याय बंद ठेवा. ठिपके घालवणारा पर्याय छपाईची पद्धतच पुसून टाकतो आणि मग भिंगाखालचा पुरावा फाइलमध्ये उरत नाही. काळंपांढरं कार्डही रंगीतच स्कॅन करा, डाग आणि शाई त्यात वेगळी निघतात. पाठ स्कॅन करायला विसरू नका, तारीख बहुतेक वेळा तिथूनच लागते. हाफटोनचं कार्ड पडद्यावर लहान केलं की लाटा दिसतात, तो दोष स्कॅनचा नाही. मोठ्या आकारात उघडा, जातात.

प्रदर्शनात प्रती लावा. मूळ कार्डं ठेवायचीच असतील तर काचेखाली, ५० लक्सच्या आसपास उजेडात, आणि क्र. २ तर नकोच. हाताने भरलेले रंग उजेडात सगळ्यांत आधी उडतात.

पोस्टाचापेटारा

जाता जाता, गठ्ठ्यात जुन्या गोव्याची कार्डं असतील तर तिथे काळ लावणं सोपं आहे. बॉम जेझू चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर पांढरा गिलावा असेल तर १९५०च्या दशकातल्या दुरुस्तीआधीचं, नंतर चिरे उघडे पडले. सें कॅथेड्रलच्या एकाच मनोऱ्याचा काही उपयोग नाही, दुसरा १७७६मध्येच पडला. आणि पणजीची घंटा जिथून आली त्या ऑगस्टिनियन चर्चची दर्शनी भिंत नि मनोरा मोठ्या प्रमाणात कोसळले ते १९३१मध्ये, तेव्हा कार्डात आजच्यापेक्षा जास्त भिंत दिसली तर त्याआधीचं.

मुंबईच्या कार्डांतही असंच. वांद्र्याच्या माउंट मेरीची आजची इमारत १९०४ची आणि भायखळ्याचं ग्लोरिया चर्च १९११ ते १९१३ या काळात उभं राहिलं. त्याआधीचं चर्च माझगावात होतं.

मांडवीकाठ

सर्वांचे आभार. क्र. ३ चा तेवढा भाग मोठा करून पाहिला : खांबावर एकच डोकं, खांद्यांचा उतार स्पष्ट. निशाण गडद, दोन्ही अर्धे सारखेच. पाठीवर मधली रेघ आहे, अतिनील टॉर्चखाली कागद झळकत नाही. ओळीत चर्चचा शब्द मात्र ‘ई’नेच.

जुनेकागद

म्हणजे फोटो १९१०च्या ऑक्टोबरनंतरचा आणि मुक्तीच्या आतला. जुनी लेखनपद्धत टिकून आहे, कोलोटाइप असेल तर छपाई १९११ ते १९२०च्या दरम्यान धरायला हरकत नाही. भिंगाखाली ठिपके ओळीत आहेत की वळवळते कण, एवढं कळवा. आणि कोपऱ्यात अनुक्रमांक असेल तर तोही.